यादवरावांचा डावा पाय

यादवराव बनसोडे पळत नसत. बहरीनच्या रिफा गावातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या कुणाही जुन्या माणसाला एवढं सांगितलं तरी तो त्यांना ओळखेल. "आग लागली तरी हा माणूस जिना चालतच उतरेल," असं माझा नवरा उज्ज्वल म्हणायचा. एकदा तळमजल्यावर खरंच गॅसचा भडका उडाला. आम्ही सगळे अनवाणी, पोरं काखोटीला मारून खाली धावलो. यादवराव सगळ्यांच्या शेवटी आले. शर्टाची बटणं लावलेली, केस विंचरलेले, एका हातात कागदपत्रांची पिशवी आणि दुसऱ्या हातात लेकीचा हात. लग्नाच्या मांडवात यावं तसे आले. त्यांची बायको सरिता माझ्याही आधी खाली पोचली होती आणि वर बघून त्यांच्या नावानं ओरडत होती.

ते माण तालुक्यातले, आम्ही नागपूरकडचे. देशात असतो तर एकमेकांची तोंडंही पाहिली नसती. बहरीनमध्ये मात्र कुणी जिन्यात 'जय भीम' म्हटलं की ते घरचंच माणूस. यादवराव सित्र्याच्या एका प्लँटमध्ये इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होते, उज्ज्वल तिथेच स्टोअरला. बाकीचे लोक प्लँटच्या कळकट कव्हरॉलवरच घरी यायचे. यादवराव नाही. तिथेच आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात घडीचा रुमाल ठेवून यायचे. घाम दिसला की रुमाल बाहेर. बहरीनच्या जूनमध्ये घाम दिसू न देणं म्हणजे काय, ते तिथे राहिलेल्यालाच कळेल.

कोपऱ्यावर कोल्ड स्टोअर होतं, म्हणजे दूध-पाव, किराणा मिळायचा ते दुकान. तिथेसुद्धा ते आपली पांढरी निस्सान काढून जायचे. मी पिशवी घेऊन चालत निघायचे आणि त्यांच्या आधी पोचायचे, कारण त्यांना गाडी लावायला जागा शोधावी लागे. मी टोमणा मारला तर म्हणत, "दीप्तीताई, मग गाडी घेतली कशाला?" मीही पुढे हसण्यावारी न्यायला लागले.

त्यांची लेक श्रावस्ती माझ्या अश्वजितच्या वर्गात होती. पोरगी म्हणजे नुसता वारा. जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या सोडत उतरायची, गच्चीवर पोरांना दमवायची. पण गाडीचा हॉर्न ऐकू आला की तिचे पाय जागच्या जागी थांबत. "श्रावस्ती, हळू. चालत ये." हे वाक्य आमच्या सगळ्यांच्या कानात बसलं होतं. तिनं सायकल मागितली तेव्हा तिला ज्ञानकोशाचे खंड मिळाले. "अंगमेहनत करणारे आपल्या घरात खूप होऊन गेले," ते म्हणायचे, "हिनं डोकं चालवायचं."

चौऱ्याण्णव सालच्या थंडीत शाळेत गुरुप्रसाद नावाचे नवे पी.टी. सर आले. मंगळूरचे, शिडशिडीत. त्यांनी पाहिलं की इथले आईबाप मुलांना गेटपर्यंत गाडीतून आणतात, गाडीतच बसून राहतात आणि गाडीतूनच घेऊन जातात. पालकसभेत त्यांनी आम्हाला चांगलंच झापलं. "आप लोग कुर्सी पे बैठे हैं, तो बच्चा दौडना किससे सीखेगा?" त्या वर्षीपासून वार्षिक खेळांत एक शर्यत पालक आणि मूल यांची जोडीनं ठेवली. तीन पायांची शर्यत. एकाचा डावा पाय, दुसऱ्याचा उजवा, मध्ये रिबिनीची गाठ.

श्रावस्तीनं घरी न विचारता आपल्या पप्पांचं नाव दिलं. तिला वाटलं, मैदानावर सगळ्यांसमोर बोलावलं की येतीलच. आणि ते आलेही. कोट, टाय, पॉलिश केलेले बूट. नाव पुकारलं तेव्हा काही बक्षीस द्यायला बोलावलं असावं अशा थाटात उठले. रेषेवर गेल्यावर त्यांना कळलं. तोवर श्रावस्तीनं खाली बसून गाठ मारलीसुद्धा होती. शेजारच्या रांगेत उज्ज्वल आणि अश्वजित उभे होते. मी प्रेक्षकांत होते, सरितेजवळ. मला यादवरावांचा चेहरा दिसत होता आणि मला तो बघवत नव्हता.

शिट्टी झाली. सगळ्या जोड्या लंगडत, धडपडत, हसत सुटल्या. श्रावस्तीनं जीव खाऊन पहिलं पाऊल टाकलं आणि यादवराव हललेच नाहीत. खांबाला बांधलेलं वासरू उधळावं तशी पोरगी पुढे झेपावली आणि तोंडावर आपटली. मैदान वाळूचं, खडबडीत. गुडघा फुटला, हनुवटी खरचटली. लोक आधी हसले, मग एकदम गप्प झाले. ते गप्प होणं हसण्यापेक्षा वाईट होतं. यादवराव वाकले, गाठ सोडली, रुमालानं तिची हनुवटी पुसली आणि म्हणाले, "चल घरी." तिला हाताला धरून गेटापर्यंत सावकाश चालत गेले. घाई तेव्हाही केली नाही.

मला इतका संताप आला होता की संध्याकाळी मी त्यांच्या दारात जाऊन भांडणारच होते. सरितेनं मला स्वयंपाकघरात ओढलं. ती आधीच भांडून बसली होती, आणि भांडणात तिला जे कळलं होतं ते लग्नाला इतकी वर्षं होऊनही तिला माहीत नव्हतं.

यादवरावांच्या वडिलांकडे गावकीचं काम होतं. गावानं सांगायचं आणि त्यांनी करायचं. टपाल घेऊन तालुक्याला पळायचं, सांगावा घेऊन गावोगाव पळायचं, आणि पाटील कुठे निघाला की त्याच्या घोड्यापुढे वाट मोकळी करत पळायचं. यादवराव तेव्हा पाच-सहा वर्षांचे होते. एकदा बाप असा पळताना दिसला. पोराला वाटलं, आबा शर्यत खेळतायत. ते खिदळत बापाच्या जोडीनं पळायला लागलं, बापाचं बोट धरलं. घोड्यावरचा माणूस हसून म्हणाला, "वा! दुसराबी तयार झाला की."

बाप थांबला. घोडा मागे तसाच उभा असताना थांबला आणि पोराच्या थोबाडीत दिली. "तू न्हाई पळायचं," म्हणाला. "कुनाफुडंच न्हाई."

त्या दिवसापासून पोरगं पळालं नाही. शाळेत नाही, आयटीआयला नाही, भरतीसाठी नाही, बहरीनला येताना विमान चुकायची वेळ आली तेव्हाही नाही. "शिट्टी वाजली," त्यांनी सरितेला सांगितलं, "आणि मला गालावर ती थप्पड लागली. पाय उचललाच जाईना. पोरगी पडली ते मला दिसत होतं गं."

मी भांडायला गेले होते, गप्प घरी आले. राग गेला नव्हता, पण तो ठेवायचा कुणावर, ते कळेना. घोड्यावरच्या माणसावर ठेवावा, तर तो कधीच मरून गेलेला.

त्यानंतर श्रावस्तीनं पप्पांना काही मागितलं नाही. रुसली नाही, रडली नाही, नुसती बदलली. गच्चीवर यायची, पण कठड्याला टेकून उभी राहायची. चालताना हात मागे बांधायची, हुबेहूब बापासारखे. दहा वर्षांची पोर पेन्शनर दिसायला लागली. रमजानच्या सुट्टीत पोरं पकडापकडी खेळत होती. अश्वजितनं तिला हाक मारली, "यल्ला श्रावस्ती, चल, तुझ्यावर राज्य!" ती शांतपणे म्हणाली, "नो. वी डोन्ट रन इन अवर फॅमिली."

यादवराव त्याच वेळी पाण्याची टाकी बघायला वर आले होते. त्यांनी ऐकलं. मी वाळवण उचलत होते, मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांची मान खाली गेली. माणसाची मान अशी खाली जाताना मी क्वचितच पाहिली आहे. वडिलांनी एकदाच हात उचलला होता, यांनी तर उचललाही नव्हता, तरी थप्पड पोचायची तिथे पोचली होती. टाकी न बघताच ते खाली गेले.

पुढचं मला सरितेकडून तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. आधी तिला गाडीत वाळू सापडायला लागली. मग डिकीत पिशवीत लपवलेले कॅनव्हासचे बूट. बाईच्या मनात काय येणार? मीही तिला धीर द्यायच्या नावाखाली दोन-चार शंका वाढवूनच ठेवल्या. शेवटी तिनं सरळ विचारलं, आणि हा मोठा माणूस चोरी पकडल्यासारखा लाल झाला. "पळायला जातो," म्हणाला. "कुणाला सांगू नकोस. दीप्तीताईंना तर मुळीच नको." तिनं ताबडतोब मला येऊन सांगितलं.

ड्यूटी सुटली की ते रिफाच्या पलीकडे, वाळवंटात जाणाऱ्या एका रस्त्यावर गाडी लावत आणि पळत. पळत म्हणजे काय, थोडं पळायचे, मग कमरेवर हात ठेवून उभे राहायचे. पोट सुटलेलं, श्वास फुललेला. लांब एखादी गाडी दिसली की खाली बसून बुटाची नाडी बांधल्याचं नाटक करायचे. त्या ओसाड जागीसुद्धा त्यांना लाज वाटायची. तिथे एका यार्डाचा पठाण वॉचमन होता, रहिमतुल्ला. तो रोज हा प्रकार बघायचा. एके दिवशी त्यानं पाणी आणून दिलं आणि काळजीनं विचारलं, "भाई साब, पीछे कौन पडा है?" यादवरावांनी पाणी पिऊन घेतलं. "कोई नहीं," म्हणाले. "तो फिर आराम से दौडो ना," रहिमतुल्ला म्हणाला. हे सांगताना यादवराव हसले होते म्हणे. मला मात्र हसू आलं नाही.

वर्ष असं गेलं. त्यांच्या मनात एकच होतं. पुढच्या खेळांत तिच्या शेजारी उभं राहायचं, गाठ मारायची आणि सगळ्यांसमोर ताठ पळायचं. तिला आधी सांगायचं नाही. सांगितलं आणि ऐन वेळी पाय पुन्हा रुतले तर? त्यापेक्षा न सांगितलेलं बरं, असा त्यांचा हिशेब.

खेळांच्या त्या शुक्रवारी ते ट्रॅकसूट घालून जिना उतरले तेव्हा आमच्या मजल्याची दारं उघडी राहिली. निळा, नवाकोरा, मनामाच्या बाजारातून आणलेला. पायात ते कॅनव्हासचे बूट. सरिता मागून पदर तोंडाला लावून हसत होती. श्रावस्तीचा चेहरा मात्र पांढरा पडला. मला वाटलं, गेल्या वर्षीची आठवण. आम्हीही त्यांच्याच गाडीत होतो; ती सारखी म्हणत राहिली, "पप्पा, यू डोन्ट हॅव टू कम. रिअली. यू कॅन स्टे इन द कार." ते नुसते हसत राहिले.

त्या दिवशी उज्ज्वलची शिफ्ट होती, म्हणून अश्वजितच्या जोडीला मीच होते. ओढणी कमरेला आवळून मी रेषेकडे निघाले तर पुढे यादवराव आणि श्रावस्ती. इतक्यात गुरुप्रसाद सर लगबगीनं एक खुर्ची घेऊन आले. "अरे, सर, आप क्यों आए? बैठिए, बैठिए. श्रावस्ती ने सब बताया है. ऐसे पाँव से खडे मत रहिए." वर्गातल्या दोन आयाही सरसावल्या. एकीनं विचारलं, "ऑपरेशन के बाद भी दर्द है क्या?" दुसरी म्हणाली, "लास्ट इयर हमको मालूम नहीं था, हम लोग हँस दिए. सॉरी, भाईसाब."

यादवरावांना काही कळेना. ते खुर्चीकडे बघत राहिले, मग लेकीकडे. श्रावस्ती जमिनीकडे बघत होती.

तेव्हा मला कळलं आणि माझ्याबरोबर त्यांनाही. गेल्या वर्षी घरी गेल्यावर, दुसऱ्या दिवशी, हनुवटीला पट्टी लावून ही पोरगी शाळेत गेली होती. तुझे पप्पा का नाही पळाले, असं पोरांनी विचारलंच असणार. तिनं सांगितलं होतं की त्यांचा पाय अधू आहे, ऑपरेशन झालंय. वर्षभर ती तेच सांगत आली होती. बाप भित्रा आहे किंवा बापाला मी नको होते, असं कुणी म्हणू नये म्हणून. आणि आता बाप नवाकोरा ट्रॅकसूट घालून पळायला आला होता. तो पळाला असता तर पोरगी सगळ्या शाळेसमोर खोटारडी ठरली असती.

त्यांना खुर्चीत बसता आलं असतं. सगळ्यांनी समजून घेतलं असतं. मला वाटलं, बसतील. वर्षभर त्या वाळूत गाळलेला घाम वाया जाईल आणि हा माणूस पुन्हा कोटात शिरेल. मी मनात म्हणाले, नका बसू भाऊ, काहीही करा पण बसू नका.

"थोडा दर्द है, सर," यादवराव म्हणाले, "लेकिन दौडूंगा. धीरे धीरे." ते रेषेवर गेले. खाली बसून या वेळी रिबिनीची गाठ त्यांनी स्वतः मारली. मग वाकलेल्या अवस्थेतच, शेजारी मी आहे हे विसरून, त्यांनी हळूच विचारलं,

"कोणता पाय?"

श्रावस्तीला आधी ऐकूच आलं नाही असं वाटलं. मग तिच्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं. "लेफ्ट," ती म्हणाली.

डावाच पाय तिच्या पायाला बांधलेला होता. शिट्टी झाली. मी आणि अश्वजित चार पावलांत आडवे झालो, त्यामुळे पुढचं सगळं मला बसल्या जागेवरून दिसलं. यादवराव पळाले. डावा पाय ओढत, प्रत्येक पावलाला कमरेत कलत, तोंडानं "हं, हं" करत. पाय बांधलेला म्हणून पोरीलाही तसंच लंगडावं लागत होतं. दोघं एकाच बाजूला झुकायची, एकाच वेळी सावरायची. बाकीच्या जोड्या केव्हाच पोचल्या होत्या. सगळं मैदान त्या दोघांकडे बघत होतं आणि टाळ्या वाजवत होतं, कीव आल्यावर वाजवतात तशा. एक बाई डोळे पुसत होती. ज्या माणसानं कुणासमोर कमी दिसू नये म्हणून आयुष्यभर पाऊल जपून टाकलं, तो भरल्या मैदानात अपंग म्हणून पळत होता. त्यांचं तोंड शरमेनं लालबुंद झालं होतं. पण ते थांबले नाहीत. रेषा ओलांडल्यावर गुरुप्रसाद सरांनी त्यांना मिठी मारली आणि माइकवरून त्यांच्या हिमतीबद्दल दोन वाक्यं बोलले. ती वाक्यं ऐकताना बापलेक दोघांच्याही माना खाली होत्या.

परत जातानाही सरितेबरोबर मी आणि अश्वजित त्यांच्याच गाडीत होतो. रिफाचं वळण आलं तेव्हा मागच्या सीटवरून श्रावस्ती म्हणाली, "पप्पा, आय लाइड."

"मला ठाऊक आहे," यादवराव म्हणाले. "मीच बोलायला लावलं तुला."

त्यांनी वळण घेतलं नाही. गाडी सरळ त्या वाळवंटाच्या रस्त्याला नेली, यार्डाजवळ उभी केली, दार उघडून म्हणाले, "उतर. इथं आपल्याला कुणी ओळखत नाही." ती उतरली. आधी चालली, हात मागे बांधून. यादवराव तिच्या पुढून पळत गेले, दोन्ही पायांनी, पोट सांभाळत. ती बघतच राहिली. मग हात सुटले आणि ती अशी धावली की आम्ही तिघंही गाडीतून बाहेर आलो. यार्डाच्या दारात रहिमतुल्ला उभा राहून हात हलवत होता. लांब जाऊन ती दोघं थांबली तेव्हा यादवराव गुडघ्यांवर हात ठेवून वाकले होते, नाकावरून घाम टपटप वाळूत पडत होता. तिनं काहीतरी विचारलं. त्यांना श्वास नव्हता, त्यांनी नुसती मान हलवली. घरी आल्यावर अश्वजितनं तिच्याकडून काढून घेतलं, तिनं विचारलं होतं, "टुमॉरो ऑल्सो?"

त्यानंतर ती दोघं जवळजवळ रोज जायची. तरी शाळेच्या गेटापाशी गाडीतून उतरले की यादवराव डावा पाय ओढायला लागत. पालकसभा असो, गॅदरिंग असो, बक्षीस समारंभ असो. सर खुर्ची आणत, ते मुकाट्यानं बसत. लोक कीव करत, ते ऐकून घेत. श्रावस्ती सरांना खरं सांगायला निघाली होती, त्यांनीच तिला थांबवलं. मला ते बघवत नसे. एकदा जिन्यात, दोघं पळून आली होती आणि ती पुढे दोन-दोन पायऱ्या चढत गेली तेव्हा, मी त्यांना अडवून विचारलं, "भाऊ, अजून किती वर्षं लंगडणार आहात तिथे?"

त्यांचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. रुमाल खिशातच होता.

"ती शाळेत आहे तोवर," ते म्हणाले. "माझी लाज तिनं वर्षभर एकटीनं वाहिली, ताई. आता मला वाहू द्या."